निरीक्षणवही

क्लाक्सविकच्या बालवाडीत खुर्च्या
माझ्या पोटरीइतक्या.
पहिल्या दिवशी बसलो तर गुडघे कानांशी आले,
आणि रान्वाबाई म्हणाल्या, होईल सवय.
एकोणीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस मी,
जमीन हलत नाही
याचीच अजून सवय व्हायचीय.

कॉलेजनं वही दिलीय, निळ्या पुठ्ठ्याची.
दिसलं ते लिहा.
वाटलं ते नाही.
मी लिहिलं : पाल्ली रागावला होता.
समासात लाल शाईनं प्रश्न : राग कुठे दिसला?
मग खोडून लिहिलं :
मुठी मिटलेल्या. डावा बूट उजव्या पायात.
खालचा ओठ पुढे. श्वास नाकातून, जोरात.
वाक्यातून राग निघून गेला
आणि पाल्ली उरला,
चुकीच्या बुटात उभा.

आता रात्री स्वयंपाकघरात बसून
माशाचे काटे काढावेत तशी
विशेषणं काढतो.

वर्गात सगळ्या विशीतल्या मुली.
त्यांची दहा बोटं कीबोर्डवर पावसासारखी,
माझी नऊ, चाचपडत.
अनामिका विंचनं नेली, आइसलँडच्या खाली कुठेतरी.
मुलांनी विचारलं, कुठंय?
मी खरं सांगितलं : समुद्रात.
त्यांनी आपसात सभा घेतली.
ठरलं की ते बोट अजून पोहतंय,
त्याचं नाव ऊली,
आणि त्याला थंडी वाजत असणार.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी लोकरीचा एक मोजा आणला,
बाहुलीचा.
तो माझ्या खिशात आहे.

धक्क्यावर तुम्मास भेटला, जाळं शिवत होता.
समुद्र सोडून शेंबूड पुसायला निघालास?
म्हटलं, दोन्ही खारटच.
तो हसला. मीही.
पगाराचा आकडा मात्र त्याला सांगितला नाही.

बाळं दुपारी बाहेर झोपतात, बाबागाड्यांत, धुक्यात.
दर दहा मिनिटांनी मी वाकून
प्रत्येकाचा श्वास बघतो,
दोराला हात लावून जाळ्याचा ताण बघायचो तसा.
हे कुणी शिकवलं नाही.
हे आलं होतं हातात.

परीक्षेत प्रश्न होता :
मूल खेळतं तेव्हा काय करतं?
चार पानं लिहिली. पास झालो.
उत्तर अजून माहीत नाही.

आज वीस मिनिटं बिर्ना.
चार वर्षांची. बाप बोटीवर, सहावा आठवडा.
बोलायचं नाही तिच्याशी, मदत करायची नाही,
नुसतं बघायचं, घड्याळ लावून.

माझी लेक पहिल्यांदा चालली तेव्हा
मी बॅरेंट्स समुद्रात होतो.
वायरलेसच्या खरखरीतून बायको म्हणाली, सात पावलं.
मी म्हटलं, ऐकू येत नाही, परत सांग.
खरं तर ऐकू आलं होतं.
ती सात पावलं कुठल्या वहीत लिहू?
दिसलं ते लिहा.

अकरा वीस. बिर्ना दाराशी. रबरी बूट गोळा करते.
अकरा चोवीस. लहानापासून मोठ्यापर्यंत रांग.
टाचा भिंतीला.
अकरा एकतीस. पाल्लीचे बूट अदलाबदल करून
डावा डावीकडे ठेवते.
अकरा सदतीस. थांबते. मोजते, बोटानं, ओठ हलवत.
उंबऱ्याबाहेर जाते.
अकरा चाळीस. माझे बूट ओढत आणते,
शेहेचाळीस नंबरचे, एका वेळी एक,
दोन्ही हातांनी.
रांगेत शेवटी.
बाकी सगळ्यांची टोकं दाराकडे.
माझी ती वळवते,
आतल्या बाजूला.

शेवटचा रकाना : तुमच्या मते कारण.
तिथं थोडा वेळ पेन टेकवून धरलं.
शाईचा एक ठिपका पडला,
तो तसाच आहे.